दिवाळखोराचा दावा

जुन्या काळी एखाद्या पेढीचे दिवाळे निघाले की तिचा मालक भर दिवसा गादीशेजारी दिवा लावून ठेवीत असे, असे सांगतात. ‘दिवाळे’ हा शब्द त्या दिव्यावरूनच आला, अशीही एक समजूत आहे. दिवसाउजेडी जळणारा तो दिवा पाहून बाजाराला काय ते कळत असे. या पेढीकडून आता कोणाला काही मिळण्याची आशा नाही, हा त्याचा अर्थ. परंतु व्यापाऱ्याच्या वहीत देण्याची बाजू असते, तशीच येण्याचीही असते. तो लोकांचे देणे लागतो, त्याचप्रमाणे काही लोक त्याचेही देणे लागत असतात. देणे थांबले म्हणून येणे बुडत नाही.

समजा, लाकडाच्या एका व्यापाऱ्याने एका कंत्राटदाराला १,००,००० रुपयांचा माल पुरविला. कंत्राटदाराने मालात खोट काढली आणि पैसे देण्याचे नाकारले. व्यापाऱ्याने दिवाणी न्यायालयात दावा लावला. तो चालू असतानाच व्यापाऱ्याच्या धनकोंचा तगादा वाढला, कर्ज फेडण्याची ऐपत उरली नाही आणि न्यायालयाने त्याला दिवाळखोर ठरविले. कंत्राटदाराने पैसे वेळेवर दिले असते तर ही वेळ आलीच नसती, अशी त्या व्यापाऱ्याची खात्री आहे. परंतु ज्या दाव्यावर त्याची सारी भिस्त होती, तो दावाच आता त्याच्या हाती राहत नाही. तो पुढे चालवावा की सोडून द्यावा, हे धनकोंच्या हितासाठी नेमलेला एक तिऱ्हाईत ठरवितो. अन्याय ज्याच्यावर झाला त्याने गप्प बसावे आणि ज्याच्यावर झाला नाही त्याने निर्णय घ्यावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. कायद्याने ही व्यवस्था का स्वीकारली, आणि तिच्यातून नवा अन्याय उद्भवू नये म्हणून कोणती काळजी घेतली, हे समजून घेण्यासारखे आहे.

दावा हीदेखील मालमत्ता

कायद्याच्या परिभाषेत कर्ज फेडण्याच्या या असमर्थतेला ‘नादारी’ म्हणतात. कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन इलाखा शहरांत नादार ऋणकोंसाठी खास न्यायालये प्रथम १८२८ च्या कायद्याने स्थापन झाली. त्यानंतर १८४८ साली आणखी एक कायदा करण्यात आला. पुढे १९०९ साली या तीन शहरांसाठी इलाखा शहर नादारी अधिनियम आणि १९२० साली इतर प्रदेशासाठी प्रांतिक नादारी अधिनियम संमत झाला. या साऱ्या कायद्यांचे हेतू दोन. प्रामाणिकपणे बुडालेल्या ऋणकोची कर्जाच्या जाचातून कधीतरी सुटका व्हावी, हा पहिला. त्याच्याजवळ जे काही उरले असेल ते एकाच दांडग्या धनकोने ओरबाडून न नेता सर्वांना प्रमाणशीर मिळावे, हा दुसरा.

यासाठी नादारीचा हुकूम होताच ऋणकोची मालमत्ता त्याच्याकडून काढून घेण्यात येते. इलाखा शहरांत ती ऑफिशियल असाइनी या अधिकाऱ्याकडे, तर इतरत्र न्यायालयाकडे किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. पुढील विवेचनात या दोघांनाही ‘विश्वस्त’ असे एकच नाव दिले आहे. ऋणकोजवळ फारसे काही उरत नाही. १९०९ च्या अधिनियमाने त्याच्या धंद्याची अवजारे आणि त्याच्या कुटुंबाचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी व सामानसुमान एवढेच त्याच्याकडे ठेवले, आणि तेही सर्व मिळून ३०० रुपयांच्या मर्यादेत.

घर, दुकान, माल आणि रोकड यांच्याप्रमाणेच येणे वसूल करण्याचा हक्क हीदेखील मालमत्ताच होय. कंत्राटदाराकडून यावयाचे १,००,००० रुपये तिजोरीत नाहीत हे खरे. पण ते मागण्याचा हक्क आहे आणि त्या हक्काला किंमत आहे. तो दिवाळखोराकडेच राहू दिला तर वसूल झालेला पैसा धनकोंना चुकवून त्याच्या खिशात जाईल. दुसरीही एक अडचण आहे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही उरले नाही, त्याला दावा लांबविण्याचे भय उरत नाही. दावा जिंकला तर लाभ त्याचा, आणि हरला तर प्रतिवादीला मिळालेला खर्चाचा हुकूम म्हणजे निव्वळ कागद. म्हणून मालमत्तेबरोबर दावाही विश्वस्ताकडे जातो.

आठव्या नियमाची योजना

दावा चालू असताना वादी दिवाळखोर झाला तर काय करावे, हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील २२ व्या आदेशाच्या ८ व्या नियमात सांगितले आहे. इंग्लंडमध्ये १८५२ च्या कायद्यात याच धर्तीची तरतूद होती. नियमाचा आशय असा: धनकोंच्या हितासाठी विश्वस्ताला जो दावा चालविता येण्यासारखा आहे, तो केवळ वादीच्या नादारीमुळे संपुष्टात येत नाही. विश्वस्ताने तो चालविण्याचे नाकारले, किंवा न्यायालयाने ठरवून दिलेल्या मुदतीत खर्चाबद्दल तारण दिले नाही, तर मात्र प्रतिवादीला दावा काढून टाकण्याविषयी अर्ज करता येतो. न्यायालय तो अर्ज मंजूर करू शकते. तसे झाल्यास प्रतिवादीला आजवर झालेला खर्च देवविण्यात येतो. परंतु तो रोख हातात पडत नाही. दिवाळखोराच्या इतर कर्जांप्रमाणे ते एक कर्ज मानले जाते आणि प्रतिवादीला इतर धनकोंच्या रांगेत उभे राहावे लागते.

या छोट्याशा नियमात तीन पक्षांच्या हिताचा तोल साधण्याचा प्रयत्न आहे. धनकोंचे हित असे की, चांगला दावा केवळ वादी बुडाल्यामुळे वाया जाऊ नये. प्रतिवादीचे हित असे की, त्याला अनिश्चित काळ टांगणीवर ठेवू नये आणि तो जिंकलाच तर खर्च मिळण्याची काही हमी असावी. तारणाची अट त्यासाठी आहे. विशेष कारण असेल तर न्यायालय ही अट माफही करू शकते. तिसरे हित दिवाळखोराचे. त्याचा नियमात प्रत्यक्ष उल्लेख थोडा असला, तरी दाव्याच्या भवितव्यावर त्याचेही बरेच अवलंबून असते.

निर्णय टाळणे हादेखील येथे निर्णयच ठरतो. विश्वस्ताने दुर्लक्ष केले तरी त्याचे फळ नकारासारखेच होते. शिवाय दावा अशा रीतीने निकालात निघाला की त्याच कारणावरून नवा दावा लावण्यास संहितेच्या पुढल्याच नियमाने मनाई केली आहे. पुरेशा कारणामुळे दावा चालविणे शक्य झाले नाही, असे सिद्ध केल्यास विश्वस्ताला तो पुन्हा उभा करून घेण्याचा अर्ज करता येतो. हे एक दार सोडले तर दावा एकदा हातचा गेला तो गेलाच.

विश्वस्ताचा हिशेब

विश्वस्तापुढील प्रश्न वरील उदाहरणावरून स्पष्ट होईल. व्यापाऱ्याचे एकूण कर्ज २,००,००० रुपये आहे आणि दुकान व माल विकून ४०,००० रुपये उभे राहिले, असे धरू. दावा सोडून दिला तर धनकोंना रुपयामागे २० पैसे मिळतील. (प्रतिवादीच्या आजवरच्या खर्चाची भर कर्जात पडेल, ती येथे सोडून दिली आहे.) दावा पुढे चालविण्यास १२,००० रुपये लागतील आणि हरल्यास प्रतिवादीला आणखी ८,००० रुपये द्यावे लागतील, असा अंदाज आहे. मग दावा हरल्यास शिल्लक २०,००० रुपये, म्हणजे रुपयामागे १० पैसे. उलट दावा जिंकून सर्व रक्कम हाती आली, तर शिल्लक १,२८,००० रुपये, म्हणजे रुपयामागे ६४ पैसे.

गमावण्यासारखे २०,००० आणि मिळण्यासारखे ८८,००० रुपये, असा हा व्यवहार आहे. यशाची शक्यता पाचात एक एवढी असली तरी तो कागदावर किफायतशीर दिसतो. भारतात दावा दाखल करतानाच रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. ती व्यापाऱ्याने आधीच भरलेली असल्याने विश्वस्ताचा पुढील खर्च त्या मानाने कमी असतो, हीदेखील चालू दाव्याच्या बाजूची एक गोष्ट होय.

तरीही शहाणा विश्वस्त एवढ्यावर थांबत नाही. पहिला प्रश्न असा की, हुकूमनामा मिळाला तरी पैसे मिळतील काय? कंत्राटदार स्वतःच बुडण्याच्या बेतात असेल, तर १,००,००० रुपयांच्या हुकूमनाम्याची किंमत शून्य आहे. दुसरा प्रश्न काळाचा. दावा आणि त्यावरील अपिले यांत वर्षे गेली, तर तोवर धनकोंना वाट पाहावी लागते आणि तारणापुरती रक्कम अडकून पडते. तिसरा प्रश्न तडजोडीचा. कंत्राटदार आज ५०,००० रुपये देण्यास तयार असेल, तर धनकोंच्या वाट्याला रुपयामागे ४५ पैसे ताबडतोब येतात. जिंकल्यास मिळणाऱ्या ६४ पैशांपेक्षा ते कमी आहेत. परंतु हरल्यास उरणाऱ्या १० पैशांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. दिवाळखोराला ही तडजोड शरणागती वाटेल. विश्वस्ताला ती कर्तव्य वाटू शकते.

दोघांच्या दृष्टीतील हा फरक स्वभावाचा नाही, स्थानाचा आहे. कंत्राटदाराने आपल्याला फसविले, हे जगापुढे सिद्ध व्हावे असे व्यापाऱ्याला वाटते. विश्वस्ताला मात्र कोण खरा, याच्याशी पैशापुरतेच कर्तव्य आहे. दुसऱ्याचा पैसा दुसऱ्याच्या अभिमानासाठी खर्च करण्याचा त्याला अधिकार नाही.

अधिकारावरील अंकुश

परंतु या व्यवस्थेत एक उणीव उघड आहे. ज्याला दाव्याची खडान्‌खडा माहिती आहे त्याच्या हाती अधिकार नाही, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला माहितीही नाही व स्वतःचे नुकसानही नाही. मालाची प्रत कशी होती, तो उतरवून घेताना कोण हजर होते, कोणत्या चिठ्ठीवर कंत्राटदाराची सही आहे, हे व्यापाऱ्यालाच ठाऊक असते. अनेक प्रकरणांच्या ओझ्याखाली असलेला विश्वस्त कागद नीट न पाहताच दावा सोडून देण्याचा संभव असतो.

यावर कायद्याने काही उपाय योजले आहेत. दिवाळखोराने हिशेबाच्या वह्या हजर केल्या पाहिजेत आणि मालमत्तेच्या वसुलीस शक्य ते सर्व साहाय्य केले पाहिजे, असे बंधन त्याच्यावर आहे. दावा गेला तरी साक्षीदार म्हणून त्याचे महत्त्व जात नाही. दावा लावणे, चालविणे किंवा आपसात मिटविणे, यांसाठी १९०९ आणि १९२० या दोन्ही अधिनियमांनुसार विश्वस्ताला न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे उतावळेपणाने दावा लढविणाऱ्या विश्वस्तालाही आळा बसतो.

विश्वस्ताच्या एखाद्या कृत्याने किंवा निर्णयाने आपले नुकसान झाले असे दिवाळखोराला, एखाद्या धनकोला किंवा अन्य कोणाला वाटले, तर न्यायालयाकडे दाद मागता येते. प्रांतिक अधिनियमात त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. न्यायालय विश्वस्ताचा निर्णय कायम करू शकते, बदलू शकते किंवा रद्दही करू शकते. म्हणजे दिवाळखोराला दावा चालविता येत नसला, तरी तो का सोडून देण्यात आला हे विचारता येते. हा हक्क लहान नाही. सर्व कर्ज, व्याज आणि खर्च भागवून काही शिल्लक उरली, तर ती दिवाळखोरालाच परत मिळते, असे कायदा सांगतो. मोठ्या रकमेचा दावा जिंकला गेला तर अशी शिल्लक उरणे अशक्य नसते.

जे धनकोंचे होत नाही

एवढे झाले तरी एक मूलभूत प्रश्न उरतो. माणसाचे सगळेच दावे मालमत्तेत मोडतात काय? व्यापाऱ्याला कोणी मारहाण केली, किंवा त्याची बेअब्रू केली, तर त्याबद्दलची भरपाई धनकोंमध्ये वाटावी काय? आठव्या नियमाच्या शब्दांतच याचे उत्तर सूचित झाले आहे. धनकोंच्या हितासाठी विश्वस्ताला चालविता येण्यासारखा दावा, एवढ्यापुरताच तो नियम आहे. ज्या दाव्यावर धनकोंचा हक्कच पोचत नाही, तो त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहतो.

ही सीमारेषा इंग्लंडमध्ये बेकहॅम विरुद्ध ड्रेक या १८४९ च्या खटल्यात ठळक झाली. छपाईचे खिळे पाडणाऱ्या कारखान्यातील एका मुकादमाला सात वर्षांच्या करारावर नेमून मुदतीपूर्वीच काढून टाकण्यात आले होते. पुढे तो दिवाळखोर झाला. करारभंगाबद्दलचा त्याचा दावा हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने मालमत्तेचा मानला आणि तो धनकोंच्या प्रतिनिधींकडे गेला. मात्र शरीराला, मनाला किंवा लौकिकाला झालेल्या दुःखावरूनच जिथे भरपाई मोजावी लागते, तो दावा त्या माणसाचाच राहतो, हे तत्त्वही त्या खटल्यापासून प्रमाण मानले जाऊ लागले.

विल्सन विरुद्ध युनायटेड काउंटीज बँक या १९२० च्या खटल्यात ही दोन्ही अंगे एकत्र आली. पहिल्या महायुद्धात सैनिकी सेवेवर जाताना एका व्यापाऱ्याने आपल्या धंद्याच्या आर्थिक बाजूवर देखरेख ठेवण्याचे काम बँकेवर सोपविले. बँकेने त्यात हयगय केली आणि त्याच्या गैरहजेरीत त्याचे दिवाळे निघाले. धंद्याच्या नुकसानीबद्दल ४५,००० पौंड आणि पत व लौकिक यांच्या हानीबद्दल ७,५०० पौंड अशी भरपाई ज्यूरीने ठरविली. हाऊस ऑफ लॉर्ड्‌सच्या निर्णयानुसार पहिली रक्कम विश्वस्ताची, तर दुसरी व्यापाऱ्याची स्वतःची ठरली. एकाच हयगयीतून दोन हानी झाल्या होत्या. एक पेढीची आणि एक माणसाची.

एकाच दाव्यात दोन्ही गोष्टी अगदी गुंतलेल्या असतील तर? उदाहरणार्थ, दुखापत झालेला माणूस बुडालेल्या कमाईबरोबरच वेदनेबद्दलही भरपाई मागतो. अशा प्रकरणात १९९९ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ठरविले की, दावा एकच असल्याने तो विश्वस्ताकडे जाईल. परंतु वेदनेबद्दल मिळालेली रक्कम विश्वस्ताने त्या माणसाची ठेव म्हणून जपून त्याला दिली पाहिजे.

अन्य देशांतील रीत

ऑस्ट्रेलियाच्या १९६६ च्या दिवाळखोरी कायद्याने हा प्रश्न काटेकोरपणे सोडविला आहे. तेथे वादी दिवाळखोर होताच दावा थांबतो आणि तो चालवायचा की सोडायचा, हे विश्वस्ताला लेखी कळवावे लागते. प्रतिवादीने दाव्याची नोटीस दिल्यापासून २८ दिवसांत विश्वस्ताने काहीच कळविले नाही, तर त्याने दावा सोडून दिला असे समजले जाते. मात्र स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या शारीरिक दुखापतीबद्दलचा दावा दिवाळखोराला स्वतःच्या नावाने पुढे चालविता येतो. अमेरिकेत १९७८ च्या संहितेनुसार, धनकोंच्या दृष्टीने नगण्य किमतीची किंवा केवळ ओझे ठरणारी मालमत्ता विश्वस्ताला सोडून देता येते, आणि सोडून दिलेला दावा सामान्यतः ऋणकोकडे परत येतो. इंग्लंडमध्ये विश्वस्त पुष्कळदा वसुलीतील काही वाट्याच्या बोलीवर दावा दिवाळखोराच्याच स्वाधीन करतो. धनकोंचा पैसा धोक्यात घालायचा नाही, पण दावाही मरू द्यायचा नाही, असा हा मधला मार्ग होय.

भारतात २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता संमत झाली. व्यक्तींच्या दिवाळखोरीविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अंमलात आणण्यात आला. इतरांसाठी जुने अधिनियम तसेच ठेवण्यात आले. या संहितेत विश्वस्ताला दावा लावण्यासाठी किंवा लढविण्यासाठी धनकोंच्या समितीची संमती घ्यावी लागते. जुन्या कायद्यात जी परवानगी न्यायाधीश देत असे, ती येथे ज्यांचा पैसा पणाला लागतो त्या धनकोंनी द्यावयाची आहे. हा बदल तर्काला धरून आहे. परंतु त्यामुळे दिवाळखोराची बाजू कोणी ऐकावयाची, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो.

लाकडाच्या त्या व्यापाऱ्याला कायद्याचे उत्तर असे आहे. कंत्राटदाराकडून यावयाचे पैसे त्याचे नव्हते असे नाही. परंतु ज्यांचे तो देणे लागतो त्यांचा त्या पैशांवर आता त्याच्याआधी हक्क आहे. त्याने विश्वस्तापुढे आपली कागदपत्रे ठेवावीत, साक्षीदार दाखवून द्यावेत आणि दावा विनाकारण सोडला जात आहे असे वाटल्यास मुदत टळण्यापूर्वी न्यायालयाकडे जावे. एवढे त्याच्या हाती राहते. विश्वस्तानेही हे ध्यानात ठेवले पाहिजे की, त्याच्या टेबलावरील ते प्रकरण म्हणजे एका माणसाची उरलेली एकमेव पुंजी असू शकते. ती सोडून देण्याचा त्याला अधिकार आहे. न पाहता सोडून देण्याचा नाही.